तोंडाच्या कॅन्सरनंतरची दोन वर्षं: काड्या, पेज, चालणं आणि तपासण्या

२४ मार्च २०२३ रोजी, पाडव्यानंतर दोन दिवसांनी, माझं शेवटचं रेडिएशन झालं. डाव्या गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर होता. डिसेंबर २०२२ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ऑपरेशन झालं. गळ्यातल्या गाठी आणि जबड्याच्या हाडाची वरची कड काढली, आणि छातीवरचा स्नायू कातडीसकट वर आणून गालाची जागा भरली. मग १० फेब्रुवारीपासून सोमवार ते शुक्रवार रोज रेडिएशन, एकूण ३० वेळा. तो सगळा काळ आम्ही दोघं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो.

उपचार चालू असताना माणूस फारसा विचार करत नाही. सकाळी उठायचं, रांगेत बसायचं, नाव पुकारलं की आत जायचं. प्रत्येक दिवसाला काम ठरवून दिलेलं असतं. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता दोन महिन्यांनी या," आणि आम्ही बार्शीला घरी आलो. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मला जितकं हरवल्यासारखं झालं तितकं ऑपरेशनच्या आदल्या रात्रीही झालं नव्हतं. बॅगेत सूचनांचा एक कागद होता: तोंडाचे व्यायाम, खांद्याचे व्यायाम, दातांची काळजी, वजन, तंबाखू-सुपारी बंद, थायरॉईडची तपासणी. तो कागद म्हणजेच उपचाराचा उरलेला अर्धा भाग आहे आणि त्याच्यासाठी आता कोणी आपलं नाव पुकारणार नाही, हे कळायला मला वेळ लागला. ज्यांच्या घरी असा कागद नुकताच आला असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एप्रिल २०२३ सगळ्यात वाईट गेला. रेडिएशन संपलं की लगेच बरं वाटेल असं आम्हाला वाटत होतं, पण त्याचा परिणाम शेवटच्या दिवसानंतरही दोन-तीन आठवडे वाढतच राहतो. तोंडात फोड, लाळ चिकट तारेसारखी, गळ्याची कातडी काळी पडून सोललेली. नाकातली नळी एप्रिलच्या अखेरपर्यंत होती. उपचाराआधी माझं वजन ६८ किलो होतं, ते ५५ वर आलं. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन आणि आत मी खाटेवर, एक वाटी पेज नळीतून जायला अर्धा तास. मीठ-सोड्याच्या गुळण्या मात्र दर दोन तासांनी चालू ठेवल्या. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा. दुकानातल्या झोंबणाऱ्या माउथवॉशपेक्षा याने मला जास्त आराम पडला.

नळी निघाल्यावर खाण्याचा खरा प्रश्न सुरू झाला. सोलापूर जिल्ह्यातला माणूस म्हणजे कडक भाकरी, शेंगा चटणी, काळ्या मसाल्याची आमटी. यातलं एकही चालणार नव्हतं. कडक काही चावता येत नव्हतं, तिखटाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं, आणि कोरडा घास लाळ नसल्यामुळे घशात जागीच बसायचा. आहारतज्ज्ञ मॅडमनी सांगितलं होतं की भरून येण्यासाठी प्रथिनं लागतात, वजनाच्या प्रत्येक किलोला रोज सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे माझ्यासाठी साधारण ७० ते ८० ग्रॅम. ग्रॅमचा हिशेब बायकोने लगेच घरच्या भाषेत आणला. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, घट्ट वरणाच्या वाटीत तेवढंच, मूठभर शेंगदाण्याच्या कुटात सात-आठ. तिने स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर लावलं आणि रोज रात्री बेरीज लिहायला लागली.

जे जमलं ते सांगतो. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजवून केलेली आंबील, पण ताक अगदी गोड, कारण आंबट झोंबतं. नाचणीची पेज दुधातली. मऊ खिचडी मिक्सरमधून काढून वर चमचाभर तूप. अंड्याची भुर्जी मिरचीशिवाय, जास्त दूध घालून ओलसर. येसर आमटी घरी तिखट न घालता केलेल्या येसराची (येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाल्याचं पीठ), तिच्यात भाकरीचा फक्त आतला मऊ भाग तासभर भिजवून कुस्करलेला. बारीक कूट घातलेलं पातळ दोडक्याचं कालवण. दिवसातून दोन जेवणं ही सवय सोडून सहा-सात वेळा थोडं थोडं. पहिल्या दोन महिन्यांत चव जवळजवळ नव्हती, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं, म्हणून भूक लागेल तेव्हा खाऊ हा विचारच बाजूला ठेवावा लागला. घड्याळ बघून खायचं, औषध घेतो तसं. जुलैत आधी खारट कळायला लागलं, मग गोड. पहिल्यांदा दुधातली साखर जिभेला लागली त्या दिवशी मी बायकोला हाक मारून बोलावलं आणि आम्ही दोघंही काही वेळ काहीच बोललो नाही.

भेटायला येणारे खाण्याबद्दल फार सल्ले देतात. साखर बंद करा, दूध बंद करा, फक्त फळांचे रस घ्या. एका दूरच्या नातेवाइकाने "परत होऊ नये म्हणून" महिना सहा हजारांचं चूर्ण सुचवलं. मी तपासणीच्या वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, वजन घसरत असताना दूध आणि अंडी बंद करू नका, आणि चूर्णात काय आहे हे सांगता येत नसेल तर ते घेऊ नका. माझी विनंती एवढीच, कोणाचं मन मोडायचं नसेल तरी कोणतंही पथ्य किंवा औषध सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आमच्याकडे यावरून घरात थोडा ताण झाला, आईला वाईट वाटलं, पण मी ठाम राहिलो.

आता तोंड उघडण्याबद्दल. ज्यांनी हे भोगलेलं नाही त्यांना याची कल्पना येत नाही. ऑपरेशन आणि रेडिएशनने गालाचे आणि जबड्याचे स्नायू आखडतात आणि तोंड दिवसेंदिवस बंद होत जातं. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर त्रास समजायचा. माझं मे महिन्यात १८ भरलं. चमचा आडवा करून घालावा लागायचा. यावर परदेशी यंत्रं मिळतात, ती महाग आहेत. रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टनी मला आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा जुडगा करून दिला. एक काडी साधारण दोन मिलिमीटर जाड. नऊ काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, अर्धा मिनिट थांबायचं, सोडायचं, पुन्हा धरायच्या. दिवसातून पाच वेळा. सैल वाटलं की मधे एक काडी सरकवायची. स्टेशनरीच्या दुकानात हस्तकलेसाठी पन्नास काड्यांचं पाकीट तीस-चाळीस रुपयांना मिळतं.

दुखतं. पहिल्या महिन्यात फार दुखतं. काडी वाढवली की रात्री कानापर्यंत ठणका. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी मी सकाळच्या व्यायामाआधी अर्धा तास घ्यायचो, तेवढ्याने सोपं गेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सोडायचं नाही. जूनमध्ये सर्दी-तापाने आठवडाभर व्यायाम राहिला आणि दोन काड्या मागे गेलो, त्या परत मिळवायला ऑगस्ट उजाडला. वर्षभराने माझं तोंड २९ मिलिमीटर उघडायला लागलं. आज ३३ आहे. काड्या अजून रोज दोनदा चालू आहेत, कारण रेडिएशनचा आखडण्याचा परिणाम वर्षानुवर्षं हळूहळू चालूच राहतो असं मला सांगितलंय.

खांद्याचा व्यायाम त्यामानाने सोपा. गळ्यातल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला ताण बसतो, हात डोक्यावर जात नाही. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढत जायचं आणि रोज पेन्सिलने खूण करायची. आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत. बार्शीतच एका फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा जात होतो, एका वेळेचे तीनशे रुपये. तीन महिन्यांत शाळेतल्या फळ्याच्या वरच्या कडेला हात पोचला.

पहिली तपासणी मे २०२३ च्या शेवटी होती. रात्रीच्या लातूर–मुंबई एक्स्प्रेसने जायचं, सकाळी दादरला उतरायचं. प्रवासाबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, आणि सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गात ७५ टक्के सवलत मिळते. करोनाच्या वेळी ज्येष्ठांची सवलत बंद झाली, रुग्णांची चालू राहिली. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, त्यावर रुग्णालयाची सही-शिक्का, आणि तिकीट आरक्षणाच्या खिडकीवर काढावं लागतं. दाखल्यावर कुठून कुठे जायचं ते स्टेशन नीट लिहिलंय का ते तिथेच बघा. आमच्या एका दाखल्यावर स्टेशनचं नाव अर्धवट होतं, खिडकीवरच्या बाईंनी तो परत केला आणि त्या वेळी पूर्ण भाडं भरावं लागलं. ओपीडीत नंबर लावल्या लावल्या फॉर्म मागून घ्यावा, संध्याकाळी गाडीच्या घाईत ते जमत नाही.

डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून बघितलं, गळा चाचपला, वजन विचारलं. एवढंच. मी म्हणालो, स्कॅन नाही करायचा? त्यांनी समजावलं की या आजारात डोळ्यांनी आणि बोटांनी केलेली नियमित तपासणीच मुख्य असते, काही शंका आली तर स्कॅन. पहिलं वर्ष दर दोन महिन्यांनी, दुसरं दर तीन महिन्यांनी असं ठरलं. दोन तपासण्यांच्या मधे काय बघायचं तेही विचारून घेतलं: तीन आठवड्यांत न भरणारा फोड, नवीन पांढरा किंवा लाल डाग, गळ्यात गाठ, गिळताना नव्याने दुखणं, अचानक तोंड कमी उघडणं. यातलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता यायचं. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी मोबाइलची बॅटरी लावून आरशात तोंड बघतो. रोज बघत नाही. रोज बघायला लागलो होतो तेव्हा झोप उडाली होती.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. १५ जून २०२३ ला शाळा सुरू झाली आणि मी त्याच दिवशी हजर झालो. त्याआधीची कागदपत्रं मात्र महिनाभर पुरली. रजेचा शेवटचा अर्ज, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा कामावर जाण्यायोग्य असल्याचा दाखला, त्यावर सोलापूरला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. वैद्यकीय प्रतिपूर्तीचं, म्हणजे झालेला खर्च परत मागण्याचं, बिल वेगळं. त्यात प्रत्येक औषधाच्या पावतीमागे डॉक्टरांची सही, डिस्चार्ज कार्ड, अत्यावश्यकता प्रमाणपत्र, आणि सगळ्याच्या तीन प्रती. ही फाईल एका कार्यालयात आठ महिने पडून होती, मग एक पावती अस्पष्ट आहे म्हणून परत आली. औषध दुकानांच्या पावत्या उष्णतेने छापलेल्या कागदावर असतात, वर्षभरात कोऱ्या होतात. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढून ठेवा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. पैसे डिसेंबर २०२४ मध्ये मिळाले. आयकरात जुनी करपद्धत निवडली असेल तर अशा आजाराच्या उपचारखर्चासाठी साठ वर्षांखालच्यांना ४०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि नोकरीतून किंवा विम्यातून परत मिळालेली रक्कम त्यातून वजा होते.

शाळेत हजर होण्याची मला मनातून भीती होती ती बोलण्याची. खालचा ओठ डाव्या बाजूला बधिर, त्यामुळे प, फ, ब, भ, म नीट उमटत नव्हते. लाळ ओघळली तरी कळत नव्हतं. रुग्णालयातल्या वाचा-उपचार मॅडमनी आरशासमोर ओठ मिटायचे, गाल फुगवून हवा धरायची, आणि रोज वीस मिनिटं मोठ्याने, सावकाश वाचायचं असं सांगितलं होतं. मी नववीचं पाठ्यपुस्तकच वाचायला घेतलं, तयारीही झाली. मोठी मदत झाली ती कमरेला लावायच्या छोट्या स्पीकरची, कानामागून तोंडासमोर येणारा माईक असलेला, ऑनलाइन दीड हजारांना मिळाला. आवाज चढवावा लागला नाही की शब्द स्पष्ट येतात. पहिल्या तासाला मी मुलांना सरळ सांगितलं की मला काय झालं होतं, माझे काही शब्द कळणार नाहीत, तेव्हा हात वर करून विचारा. मुलं खरोखर विचारायची. मोठ्या माणसांपेक्षा त्यांनी ते सहज घेतलं. खिशात दोन रुमाल आणि टेबलावर पाण्याची बाटली, हे आता कायमचं.

तंबाखू. वीस वर्षं मी तंबाखू-चुना खाल्ला, डाव्या गालात. निदान झालं त्या दिवशी बंद केला आणि उपचारभर एकदाही आठवण आली नाही. ती आली शाळेत परतल्यावर. डबा खाल्ल्यावर शिक्षकखोलीत कोणीतरी डबी काढली, मळण्याचा तो वास आला, आणि माझे हात थरथरायला लागले. टाटामधल्या समुपदेशकांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं: ओढ आली की ती काही मिनिटं टिकते आणि उतरते. तेवढा वेळ टाळायचं, घोट घोट पाणी प्यायचं, खोल श्वास घ्यायचे, उठून दुसरं काम करायचं. मी उठून वर्गाकडे गेलो. संध्याकाळी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर फोन केला. तो मोफत आहे, पलीकडचा माणूस नीट ऐकून घेतो आणि पुढच्या आठवड्यांत स्वतःहून परत फोन करतो. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांना सांगितलं की माझ्यासमोर डबी काढू नका. एक-दोघांना राग आला असेल. पण त्यांतल्याच एका सरांनी त्या दिवाळीत स्वतःची डबी बंद केली आणि तोंडाची तपासणी करून घेतली, याचं मला फार समाधान आहे.

सुपारीबद्दल वेगळं सांगायला हवं. तंबाखू सोडलेली कितीतरी माणसं जेवणानंतर सुपारी चघळतात आणि तिला व्यसन समजत नाहीत. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, सुपारी मात्र लग्नाच्या मांडवात ताटात फिरते. मशेरीही तशीच, घरातल्या बायकांच्या हाताशी. आमच्या आईने साठ वर्षांची मशेरी माझ्या आजारपणात सोडली. त्याबद्दल ती कोणाशी बोलत नाही, पण मला इथे लिहायचं होतं.

चालायला मी एप्रिलमध्येच सुरुवात केली, अंगणात, भिंत धरून. मग गल्लीच्या टोकापर्यंत. ऑगस्टपासून पहाटे साडेपाचला भगवंताच्या देवळापर्यंत आणि परत. आठवड्याला दीडशे मिनिटं वेगात चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एवढं लक्ष्य डॉक्टरांनी दिलं होतं. इतकं थकलेल्या माणसाने चालायचं कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. पण कॅन्सरनंतरचा थकवा झोपून जात नाही, थोडं थोडं चालण्याने जातो, हे मी अंगावर अनुभवलं. ताकदीसाठी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, आणि तीनशे रुपयांचा रबरी पट्टा. रेडिएशन झालेल्या गळ्याला ऊन लागू द्यायचं नाही, म्हणून सुती उपरणं गुंडाळून जातो. जून २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले ८८९ रुग्ण, केमोथेरपी संपल्यावर निम्म्यांना तीन वर्षं व्यायामाचा आखीव कार्यक्रम, बाकीच्यांना फक्त माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी आजाराशिवाय जिवंत असलेले व्यायामाच्या गटात सुमारे ८० टक्के होते, दुसऱ्या गटात ७४. माझा आजार वेगळा आहे, हे आकडे मला जसेच्या तसे लागू नाहीत. तरी ते वाचल्यावर पहाटे उठणं मला सोपं झालं.

दातांबद्दल नीट वाचा, कारण इथे चूक महागात पडते. लाळ कमी झाली की दात झपाट्याने किडतात. रेडिएशनच्या आधीच रुग्णालयाच्या दंतविभागाने खराब दात काढून टाकले होते आणि उरलेल्या दातांच्या मापाचे पारदर्शक साचे बनवून दिले होते. रात्री ब्रश केल्यावर त्यात फ्लोराईडचा जेल घालून दहा मिनिटं ठेवायचे, मग अर्धा तास चूळही भरायची नाही. ब्रश लहान मुलांचा, मऊ, कारण मोठा तोंडात जात नाही. मार्च २०२४ मध्ये खालची एक दाढ दुखायला लागली. जवळच्या दवाखान्यात गेलो, ते म्हणाले काढून टाकू, पाच मिनिटांचं काम. मी थांबलो. रेडिएशन मिळालेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, दात काढल्यावर जखम न भरता हाड कुजू शकतं, आणि हा धोका पुढच्या वर्षांतही संपत नाही. मी रुग्णालयात फोन केला, त्यांनी एक्स-रे बघून दाढ न काढता रूट कॅनल करायला सांगितलं. तोंड कमी उघडत असल्याने ते काम चार बैठकांत झालं, सहा हजार रुपये गेले, पण दाढ आणि जबडा दोन्ही शाबूत आहेत. कोणत्याही दंतवैद्यांकडे गेलात तर पहिलं वाक्य हे बोला: मला या बाजूला रेडिएशन झालंय.

२०२४ च्या पावसाळ्यात मी पुन्हा ढेपाळलो. चालणं निम्म्यावर आलं, दुपारी वर्गात डोळे मिटायला लागले, थंडी वाजायची, मन उदास. घरचे म्हणाले शाळेचा ताण असेल. मला वाटलं आजार परत आला. कोणाला न सांगता मी मृत्युपत्राचा कागद आणला होता. ऑक्टोबरच्या तपासणीत हे सगळं सांगितल्यावर डॉक्टरांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करायला लावली. ते १४ आलं, नेहमीपेक्षा बरंच जास्त. गळ्यावरच्या रेडिएशनने थायरॉईडची ग्रंथी मंदावते, पुष्कळ जणांत होतं, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी ही तपासणी करायची असते. बार्शीत तीनशे रुपयांत होते. सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी सुरू झाली, ती बहुतेक आयुष्यभर. दोन महिन्यांत मी पुन्हा देवळापर्यंत चालत होतो. अंगातली शक्ती अचानक गेली तर मनाला बोल लावण्याआधी रक्त तपासा.

लोकांत बसून जेवणं हे मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. मला एक घास गिळायला वेळ लागतो, मधे पाणी लागतं, कधी नाकातून येतं. पुतणीच्या लग्नात मी पंगतीला बसलो नाही, खोलीत बसून जेवलो. दारात बायको उभी राहिली, म्हणाली, "अहो, मी पण इथंच जेवते." त्यानंतर आम्ही ठरवलं की कार्यक्रमाला जाताना घरून थोडं खाऊन निघायचं, तिथे पंगतीत बसून फक्त वरण-भात आणि एखादा मऊ पदार्थ घ्यायचा, आणि कोणी आग्रह केला तर कारण सांगायचं. आता बसतो.

प्रत्येक तपासणीच्या आधीचा आठवडा अवघड जातो. पोटात गोळा, रात्री तीनला जाग. धर्मशाळेत ओळख झालेले जालन्याकडचे एक शेतकरी आणि मी आमच्या तारखा शक्यतो एकाच दिवशी घेतो. ओपीडीत शेजारी बसतो, कापसाच्या भावावर बोलतो. ज्याला तोंडाची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही असा एक माणूस प्रत्येक रुग्णाने शोधावा असं मला मनापासून वाटतं.

मार्च २०२५ मध्ये दोन वर्षं पूर्ण झाली. तपासण्या आता चार महिन्यांनी. वजन ६२ किलोवर स्थिर आहे. डाव्या बाजूला दाढी येत नाही, उजवीकडे मशीन फिरवतो. छातीवरची कातडी तोंडात असल्याने आत केस येऊ शकतात, रेडिएशनने ते बहुतेक गेले, राहिलेले दोन-चार डॉक्टर काढून देतात. हे आधी कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी घाबरलो होतो, तुम्ही घाबरू नका. शेंगा चटणी अजून दह्यात कालवूनच जाते. पुढची तारीख नोव्हेंबरात आहे. त्याआधी टीएसएच, दातांची सफाई आणि रेल्वेचा फॉर्म एवढी कामं वहीत लिहून ठेवली आहेत.